आमिषाला लागलेला वेळ

नीती आयोगाचा २०२०-२१चा शाश्वत विकास निर्देशांक चाळताना चौदाव्या ध्येयापाशी मी दर वेळी थांबते. समुद्र, मासे, किनारा यांचं मोजमाप या ध्येयात येतं. त्यात गुण दिलेत ते फक्त नऊ किनारी राज्यांना. महाराष्ट्र आहे, गोवा आहे, लक्षद्वीप नाही. केंद्रशासित प्रदेश या ध्येयाच्या गणतीत धरलेलेच नव्हते. छत्तीस बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, म्हणजे लगून, ४,२०० चौरस किलोमीटर, आणि भोवती चार लाख चौरस किलोमीटरचं आर्थिक क्षेत्र. ज्या प्रदेशात समुद्राखेरीज फारसं काही नाही, त्याच्या नावापुढं समुद्राचाच रकाना कोरा.

मासेमारीच्या काही हंगामांत मी तिथं राहून हा रकाना भरायचं काम केलं. मी मूळची रत्नागिरीची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलर लागले की क्रेट मोजायचे, जातवार वजन लिहायचं, कोणता मासा किती लहान आलाय ते पट्टीवर बघायचं, हे हाताला सवयीचं होतं. लक्षद्वीपचा प्रकल्प मिळाला तेव्हा निधी देणाऱ्यांनी निर्देशकांची लांबलचक यादी सोबत पाठवली होती. मासळीचं उत्पादन टनांत, मच्छीमार कुटुंबाचं उत्पन्न, जिवंत प्रवाळाची टक्केवारी, संरक्षित क्षेत्र, कचरा, पर्यटक. यादीत खोट काढावी असं काही नव्हतं. जगात कुठल्याही बेटाला ती लागू पडली असती, आणि अडचण तिथंच होती.

आमचा मुक्काम मुख्यतः अगत्तीवर. बेट चार चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे साडेसात हजारांवर माणसं तिथं राहतात. इथली मोठी मासेमारी कुप्याची, म्हणजे टूनाची, आणि तीही जाळ्यानं नव्हे, गरीनं. ही विद्या मुळात मिनिकॉयची. मिनिकॉय हे भाषेनं आणि रीतीरिवाजानं मालदीवला जवळचं बेट. लक्षद्वीपमध्ये १९५९ साली मत्स्यव्यवसाय खातं सुरू झालं आणि साठच्या दशकात खात्यानं मिनिकॉयची पद्धत यांत्रिक होड्यांबरोबर बाकीच्या बेटांवर पोचवली. होडीच्या मागच्या फळीवर खलाशी ओळीनं उभे राहतात. एकजण टाकीतले जिवंत बारके मासे पाण्यात उधळतो, पाण्याचे फवारे सोडून पृष्ठभाग खळबळता ठेवतात, आणि कुपे वर आले की लांब काठ्या हलायला लागतात. गरीला उलटा काटा नसतो, त्यामुळं मासा होडीत आपटता आपटताच सुटतो आणि काठी लगेच परत पाण्याकडं जाते. नको असलेला मासा जवळजवळ येत नाही, कासव अडकत नाही, तळ खरवडला जात नाही. जगात ज्या मासेमारीला खुशाल चांगलं म्हणता येईल अशा थोड्या पद्धती आहेत, त्यातली ही एक.

पण तिचा सगळा डोलारा त्या टाकीतल्या बारक्या माशांवर उभा आहे. त्यांच्याशिवाय कुपा होडीजवळ येतच नाही. म्हणून होडी पहाटे निघते ती थेट खोल समुद्रात जात नाही, आधी लगूनमध्ये थांबते. मी पहिल्यांदा अशा होडीवर गेले तेव्हा पाणी अजून काळंच होतं. दोघं चष्मे चढवून उतरले आणि वाळूवर एका प्रवाळाच्या ढिगाशेजारी जाळं पसरलं. वरून एकानं माशाचा चुरा मुठीमुठीनं सोडला. बराच वेळ काही नाही. मग पाण्याखालून हात वर आला, चारी कोपऱ्यांनी जाळं एकदम उचललं गेलं आणि बोटाएवढे चंदेरी मासे जाळ्यात तडतडले. बादलीत भरभरून ते होडीच्या मधल्या टाकीत गेले. टाकीच्या तळाला भोकं असतात. बुचं काढली की समुद्राचंच पाणी आतबाहेर खेळतं आणि मासे जगतात. पहिल्या जाळ्यात टाकी भरली नाही. दुसऱ्यातही नाही. तांडेल काका पूर्वेकडं बघत होते. उजेड वर चढला की पहाटेचे थवे हातचे जातात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. होडीतली माणसं गप्प झाली होती.

त्या वेळाला आमच्या यादीत जागा नव्हती. टनांचा रकाना होता. डिझेलचाही होता, पण महिन्याचं एकूण डिझेल. आमिष गोळा करायला किती वेळ गेला हे कोणीच विचारत नव्हतं. आणि बेटावर संध्याकाळी दोन तांडेल भेटले की पहिला प्रश्न तोच असायचा. कुपा किती मिळाला हे नंतर. आमिष कुठं मिळालं, कुठलं मिळालं, किती वेळ लागला, हे आधी.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की टनांचा आकडा एका अर्थी बेटाचा नाहीच. कुपा हिंडणारा मासा. हिंदी महासागरातला त्याचा साठा एक, आणि त्यावर युरोपातल्या मोठ्या जहाजांपासून मालदीवच्या होड्यांपर्यंत सगळ्यांचा डोळा. त्याचं नियमन सेशेल्समध्ये कचेरी असलेला हिंदी महासागर टूना आयोग करतो. २०१५मध्ये त्या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या पंखाच्या टूनाची अतिमासेमारी झाल्याचं सांगितलं आणि २०१६मध्ये आयोगानं पट्टेरी कुप्यासाठी पकडीचा नियम ठरवला. हे सगळं अगत्तीच्या धक्क्यापासून फार लांब घडतं. एखाद्या वर्षी मासा कमी आला तर त्यात अगत्तीच्या माणसाचा दोष बहुधा नसतो, आणि भरपूर आला तर ते त्याचं श्रेयही नसतं. शिवाय इंजिनं मोठी झाली, बर्फ मिळायला लागला, होड्या लांब जायला लागल्या, की लगून बिघडत असतानाही टनांचा आलेख वर जाऊ शकतो. आमिषाचं तसं नाही. ते त्याच लगूनमधलं, त्याच प्रवाळाच्या आसऱ्याचं. काही जाती वाळूवरच्या उघड्या पाण्यात थव्यानं फिरतात, काही फांद्याफांद्यांच्या प्रवाळात लपून राहतात. प्रवाळ मेला की दुसऱ्या प्रकारचं आमिष आधी दिसेनासं होतं. रात्री दिवे लावून एकाच जागी सारखं जाळं टाकलं की पहिल्या प्रकाराचंही तेच होतं. म्हणजे ज्या गोष्टीवर बेटाचा हात पोचतो, तिची खबर आमिषाच्या वेळात होती.

म्हणून आम्ही वह्या काढल्या. कल्पना आमची नव्हे. दक्षिण फाउंडेशननं लक्षद्वीपमध्ये मच्छीमारांनीच स्वतःच्या नोंदी ठेवण्याचं काम आधीच सुरू केलं होतं, त्याच वाटेनं आम्ही गेलो. तारीख, निघायची वेळ, आमिषाची जात, किती जाळी टाकली, टाकी कधी भरली, डिझेल किती, कुपे किती. कुपे नगावर, किलोवर नाही, कारण धक्क्यावर वाटणी होते ती नग मोजून.

वह्या वाटणं सोपं, भरून घेणं अवघड. एक तांडेल काका वही उलटसुलट करून म्हणाले, "मोले (मुली), आज कमी आणलं असं मी माझ्या हातानं लिहायचं. उद्या हे कोण वाचणार?" प्रश्न रास्त होता. डिझेलचा कोटा, अनुदान, कर्जाचा हप्ता, सगळ्यांची गाठ कुठं ना कुठं नोंदीशी असते. शिवाय आमिषाची जागा हे प्रत्येक होडीचं गुपित. त्यावर बरीच बोलणी झाली आणि तीन गोष्टी ठरल्या. वही त्यांच्या घरी राहणार. आम्ही फोटो काढायचा तो विचारून. आणि जागेच्या ठिकाणी लगूनचा फक्त भाग लिहायचा, उत्तर, दक्षिण, मधला, जीपीएस नाही. शास्त्राच्या दृष्टीनं तिसरी अट महाग होती. नेमकी जागा नसेल तर नकाशा ढोबळ येतो. पण नेमक्या जागांची खोटी वही आणि ढोबळ जागांची खरी वही यांत निवड करायची असेल तर मला दुसरी पाहिजे होती.

वह्यांमधून आलेली गोष्ट बेटाला नवीन नव्हती. आमिष कमी होतंय हे सगळे म्हणतच होते. वह्यांनी त्याला महिना आणि जागा दिली. कोणत्या भागात, कोणत्या अमावस्येच्या आगेमागे, कोणत्या जातीला वेळ वाढला, हे समोर मांडता आलं. मदरशाच्या एका खोलीत आम्ही मोठ्या कागदावर रेघा काढून लावल्या. एकानं वर बघून आपल्या होडीची रेघ ओळखली आणि शेजारच्याला कोपरानं ढोसलं. मग जे भांडण झालं ते मी तोवर ऐकलेल्या कोणत्याही कार्यशाळेपेक्षा उपयोगाचं होतं. रात्री दिव्यावर आमिष कोण धरतं, कोणाच्या जाळ्याचे डोळे बारीक आहेत, उरलेलं आमिष टाकीतच मरू देण्यापेक्षा परत लगूनमध्ये का सोडत नाहीत. आम्ही भिंतीला टेकून लिहून घेत होतो.

आकड्यांचा दुसरा धडा कासवांनी दिला. हिरवं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेलं. या शतकाच्या सुरुवातीला अगत्तीच्या लगूनमध्ये त्यांची संख्या प्रचंड वाढली. संवर्धनाच्या कोणत्याही तक्त्यात हा आकडा हिरव्या रंगात छापतील. पण हिरवं कासव समुद्री गवत खातं, आणि गवत म्हणजे कित्येक माशांच्या पिल्लांचं घर. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं त्या कुरणांचा अभ्यास केला. अति चरण्यानं गवत कसं खालावलं, त्याबरोबर तिथले मासे कसे घटले, आणि एका लगूनमधलं कुरण संपल्यावर कासवं दुसऱ्या बेटाकडं कशी वळली, हे त्यांनी दाखवून दिलं. जाळी फाडतात आणि मासा पळवतात म्हणून मच्छीमारांचा कासवांवर राग होताच. त्यामागं निव्वळ दुस्वास नव्हता हे या अभ्यासानं समोर आलं.

मी गेले तेव्हा या गोष्टीचा मोठा भाग घडून गेला होता. तरी ज्या तुकड्यात गवत शिल्लक होतं तिथं अर्ध्या मीटरची चौकट टाकून मोजणी करताना पाती हाताला लागायची ती बोटाच्या पेराएवढी, टोकं सरळ कापलेली. चौकटीच्या आत जिथं प्रवाळाचा गोटा आडवा आला होता त्याच्या फटीत मात्र तीच जात वीतभर वाढलेली, कारण तिथं कासवाचं तोंड जात नव्हतं. वहीत मी दोन्ही लांब्या लिहिल्या. सरासरी काढली असती तर दोन्ही गोष्टी नाहीशा झाल्या असत्या. कासवं मोजणारा अहवाल म्हणेल, समुद्र सुधारला. गवत मोजणारा म्हणेल, बिघडला. दोघंही खरं बोलत असतील. म्हणून लहान बेटाचा एकच मिळून गुणांक काढायचा आग्रह कोणी धरला की मी चौकटीतल्या त्या दोन लांब्या पुढं करते.

प्रवाळाचं मोजमाप त्या मानानं सरळ. पन्नास मीटरची टेप अंथरायची, खाली काय आहे ते ठरावीक अंतरावर लिहीत जायचं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी उष्ण पाण्यानं प्रवाळ पांढरा पडण्याचे मोठे तडाखे बसले, आणि २०२४मध्ये पुन्हा. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर चोवीस वर्षं चाललेल्या अभ्यासात जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं. निम्मं. पाणी तापतं त्याला अगत्तीचा माणूस जबाबदार नाही. तडाख्यानंतर प्रवाळ सावरतो की नाही, यात मात्र त्याचा वाटा आहे. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ धरतं, ते चरून साफ करणारे पोपटमासे आणि तत्सम खडकातले मासे असतील तरच नवीन प्रवाळाला बूड टेकायला जागा मिळते. इथं कुप्याच्या मासेमारीचं न दिसणारं काम लक्षात येतं. साठच्या दशकापासून बेटांची भूक आणि कमाई बाहेरच्या समुद्रातल्या कुप्यावर भागत आली, म्हणून खडकातल्या माशांना उसंत मिळाली.

ती उसंत आता कमी होतेय. खडकातला मासा गोठवून मुख्य भूमीवर नेणारे व्यापारी आले. २०२४च्या जानेवारीत पंतप्रधानांची भेट झाल्यापासून पर्यटनाचा बोलबाला वाढलाय, आणि पाहुण्याला ताटात कुपा नको असतो, त्याला अख्खा भाजलेला खडकातला मासा पाहिजे असतो. म्हणून आम्ही आणखी एक साधा प्रश्न घरोघर विचारायला लागलो: काल रात्री कोणता मासा शिजला? त्याला ना पाणबुड्याचा पोशाख लागतो, ना परवानगी. उत्तरांत कुप्याऐवजी पोपटमासा वारंवार यायला लागला, तर प्रवाळाच्या टेपवर त्याचा परिणाम दिसण्याआधी काही वर्षं आपल्याला इशारा मिळालेला असतो.

हा प्रश्न बायकांना विचारायचा असल्यामुळं माझं बरंचसं काम परसात व्हायचं. इथली घरं आईच्या वंशावर चालतात, आणि मासमीन करण्याचं काम पुष्कळसं घरच्या अंगणात चालतं. कुप्याचे लांब तुकडे खारट पाण्यात उकळायचे, नारळाच्या सोडणांच्या धुरावर ठेवायचे, मग कडक उन्हात वाळवायचे, लाकडासारखे टणक होईपर्यंत. पाच किलो ताज्या माशाचा जेमतेम एक किलो मासमीन होतो. सरकारी तक्त्यात पाच किलोंची नोंद पुरुषाच्या होडीवर होते. त्या एका किलोमागच्या चुलीपुढच्या तासांची नोंद कुठंच होत नाही. ओहोटीला कड्यावर चालत जाऊन कवड्या आणि ऑक्टोपस धरणाऱ्या बायकांचंही तसंच. टनांत त्यांची पकड नगण्य. पण पावसाळ्यात, मेच्या मध्यापासून होड्या किनाऱ्यावर ओढल्यानंतर, कालवणात जे पडतं ते बहुतेक त्यांनी आणलेलं असतं. "हे पण लिहितेस?" असं विचारून एका इत्तानं, म्हणजे ताईनं, आपली टोपली माझ्यापुढं सरकवली आणि मी जात विचारायच्या आधीच एकेक नग बाजूला काढून नावं सांगायला सुरुवात केली. त्या दिवशीची नोंद आमच्या सगळ्या वह्यांत सर्वात तपशीलवार आहे.

मोजलं म्हणजे सुधारलं, असं मी म्हणणार नाही. काही होड्यांनी लगूनचा एक भाग काही आठवडे आमिषासाठी मोकळा सोडायचं आपसांत ठरवलं. काहींनी ते पाळलं, काहींनी नाही. दिव्यांवरचं भांडण मिटलेलं नाही. सगळं बेट एकमतानं वागतं ही कल्पना बाहेरच्या माणसाला फार आवडते. अगत्तीत राहिलेल्या माणसाला ती चार दिवसांत सोडावी लागते. फरक पडला तो इतकाच की भांडण आता तारखा आणि तास हातात घेऊन होतं, आणि ते तारखा-तास भांडणाऱ्यांचे स्वतःचे असतात. कोणताही निर्देशक समोर आला की मी आता एवढंच विचारते: हा आकडा कळल्यामुळं बेटावरचा कोण माणूस उद्या वेगळं वागू शकेल? उत्तर 'कोणी नाही' असं असेल, तर तो आकडा दिल्लीसाठी किंवा जिनिव्हासाठी असेल, बेटासाठी नाही. समुद्राचं वाढतं तापमान मोजलंच पाहिजे, पण त्याचा जाब बेटाला विचारायचा नाही. ज्यांच्या धुरामुळं पाणी तापतं त्यांच्या गुणपत्रिकेत तो टाकायचा.

प्रकल्पाचा निधी संपला तेव्हा सगळ्या वह्या चालू राहिल्या नाहीत. बऱ्याच बंद पडल्या, आणि ते स्वाभाविक होतं. ज्या तांडेलांनी चालू ठेवल्या त्यांनी त्यात आपल्या मनानं फेरफार केले. जाळ्यांची संख्या लिहिणं सोडलं, टाकी भरायची वेळ ठेवली. आणि मागच्या पानावर एक नवीन रकाना आखला: मासमीन व्यापाऱ्याला कधी दिला आणि पैसे कधी आले. दोन तारखांमध्ये कधी कधी अख्खा हंगाम जातो. निधी देणाऱ्यांच्या यादीत हा रकाना नव्हता, आमच्याही नव्हता. होडीवरचा वीस वर्षांचा पोरगा पुढच्या ऑक्टोबरात काठी हातात घेईल की सरकारी नोकरीचा अर्ज भरून कवरत्तीला जाईल, हे बहुतेक त्याच दोन तारखांवर ठरतं.